तासात जंतूचं नाव: पाठीतल्या पाण्याच्या पॅनेल टेस्टचा हिशेब

मेंदूज्वराच्या संशयाने पाठीतलं पाणी काढून झालं की आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांना हमखास एक प्रश्न येतो: "पॅनेल पाठवायचं का? तासाभरात कळेल, पण बिल वेगळं लागेल." हे पॅनेल म्हणजे एकाच नमुन्यात अनेक जंतू एकदम शोधणारी टेस्ट, बहुतेक वेळा बायोफायर फिल्मअ‍ॅरेचं मेनिंजायटिस-एन्सेफलायटिस पॅनेल. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या फाइलींत ते आता नवं राहिलेलं नाही. प्रश्न असा की साध्या कल्चरच्या (नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या) कितीतरी पट पैसे मोजून हातात काय पडतं? आमचा शेरा सुरुवातीलाच सांगतो: पाचपैकी साडेतीन. वजा केलेला दीड गुण मशीनसाठी थोडा आणि ते ज्या भाबडेपणाने वापरलं जातं त्यासाठी जास्त.

आधी वस्तू नीट पाहू. तळहाताएवढं चपटं प्लास्टिकचं पाऊच. त्यातली रसायनं वाळवून भरलेली असतात आणि आतली हवा काढून घेतलेली असते. हे पाऊच लोडिंग स्टेशनवर बसवायचं, डाव्या बाजूला निळ्या टोपीच्या कुपीतलं हायड्रेशनचं पाणी लावायचं, लाल टोपीच्या कुपीत बफर आणि रुग्णाच्या पाठीतलं २०० मायक्रोलिटर पाणी मिसळून ती उजव्या बाजूला लावायची. २०० मायक्रोलिटर म्हणजे जेमतेम चार थेंब. पाऊचच्या आतली पोकळीच दोन्ही द्रव ओढून घेते, पंप लागत नाही. हातचं काम दोन मिनिटांचं. मग मशीनमध्ये बारीक मण्यांच्या आपटण्याने जंतूंची कवचं फुटतात, चुंबकी मणी डीएनए-आरएनए उचलतात, दोन टप्प्यांत पीसीआर (जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढणं) होतो आणि शेवटी प्रत्येक खळग्यातला तुकडा कोणत्या तापमानाला वितळतो यावरून जंतूचं नाव ठरतं. सगळं मिळून साधारण एक तास.

नावं १४. जिवाणू सहा: न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, लिस्टेरिया, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आणि ई. कोलायचा के-१ प्रकार. विषाणू सात: हर्पिस सिम्प्लेक्स १ आणि २, कांजिण्या-नागिणीचा व्हॅरिसेला झोस्टर, सीएमव्ही, एचएचव्ही-६, एन्टेरोव्हायरस, पॅरेकोव्हायरस. आणि एक बुरशी, क्रिप्टोकॉकस. अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी ऑक्टोबर २०१५ची. ही यादी एकदा सावकाश वाचा. त्यात टीबी नाही. पुण्यात बसून ही टेस्ट विकत घेणाऱ्याने सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट हीच, तिच्याकडे पुढे येऊच.

तासाला एवढी किंमत का, हे कळायला मेंदूच्या दारापर्यंत जावं लागतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तर इतर अवयवांसारखं सच्छिद्र नसतं. त्यातल्या पेशी क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशा प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात, बाहेरून पेरिसाइट आणि अ‍ॅस्ट्रोसाइट टेकू देतात. हीच ती ब्लड-ब्रेन बॅरियर. रक्तातले बहुतेक जंतू इथे अडतात. पण पॅनेलवरच्या जिवाणूंपैकी प्रत्येकाकडे या शिवणीला बगल द्यायची स्वतःची युक्ती आहे. न्यूमोकॉकस आपल्या अंगावरच्या फॉस्फोकोलीनने पेशीवरच्या पीएएफ रिसेप्टरला चिकटतो आणि पेशीच्या आतूनच, एका बुडबुड्यात बसून, पलीकडे उतरतो. मेनिंगोकॉकसचं तंत्र वेगळं. तो केसाळ पिलाय वापरून सीडी-१४७ला धरतो, केशवाहिनीच्या भिंतीवर वसाहत करून बसतो आणि टाक्यांची प्रथिनं शिवणीतून आपल्या पायाखाली ओढून घेतो. शिवण उसवते, मग हा दोन पेशींच्या फटीतून जातो. नवजात बाळातला ई. कोलाय के-१ रक्तात आधी भरमसाट वाढतो आणि संख्येच्या जोरावर आत घुसतो, म्हणून बाळाच्या साध्या सेप्सिसकडेही कानाडोळा चालत नाही. लिस्टेरिया आणि टीबीचा जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या पोटात बसूनही आत जाऊ शकतात.

आत जाणं हा निम्माच भाग. २०२४ मध्ये उंदरांवरच्या कामातून असंही दिसलं की ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस हे विषारी द्रव्य अस्तराच्या पेशीत पोचलं की कॅस्पेज-११ गॅस्डर्मिन-डी नावाचं प्रथिन कापतं, त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात आणि भिंतीची वीटच फुटते. म्हणजे शिवण उसवण्याचीही गरज उरत नाही.

पलीकडे, पाठीच्या आणि मेंदूच्या पाण्यात, पहारा जवळपास नसतोच. कॉम्प्लिमेंट आणि अँटिबॉडी ही जंतूंशी लढणारी प्रथिनं रक्ताच्या मानाने नगण्य. जंतू तिथे बिनधास्त वाढतात. शरीराला उशिरा जाग येते आणि मग टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असे दाह वाढवणारे रेणू, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा लोंढा, भिंतीचा पाया खाणारं एमएमपी-९ हे विकर, असं सगळं एकदम सुरू होतं. सूज कवटीच्या आत मावत नाही. रुग्णाचं खरं नुकसान जंतूइतकंच या गोंधळाने होतं. म्हणूनच अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाच्या जरा आधी किंवा बरोबरच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, कारण औषधाने जंतू फुटले की त्यांचे अवशेष एकदम पाण्यात पसरतात आणि दाह उसळतो. प्रौढांना १० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, चार दिवस. २००२ मध्ये छापलेल्या ३०१ प्रौढांच्या युरोपीय चाचणीत याने मृत्यूचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं होतं. अँटिबायोटिक देऊन बराच वेळ गेल्यावर सुरू केलेल्या स्टेरॉइडला हा गुण नाही.

आता पॅनेलची खरी स्पर्धा कोणाशी, ते बघा. ती कल्चरशी नाहीच, त्या साध्या रिपोर्टशी आहे जो अर्ध्या-पाऊण तासात, पॅनेलच्या बिलाच्या छोट्याशा अंशात मिळतो: पेशी, प्रोटीन, साखर, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं). वर सांगितलेली सगळी मोडतोड या चार आकड्यांत उतरते. शाबूत भिंतीच्या पाण्यात प्रोटीन डेसिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम. भिंत गळू लागली की रक्तातलं प्रोटीन आत येतं आणि आकडा १०० पार करतो. साखर नेहमी रक्ताच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास; भिंतीतून साखर नेणारी यंत्रणा बिघडली आणि आत खाणारी तोंडं वाढली की ती ४०च्या खाली जाते. पेशी पाचपर्यंत ठीक. जिवाणूच्या मेंदूज्वरात हजाराच्या वर, त्यातही न्यूट्रोफिल जास्त. लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) शंभर ते पाचशे, प्रोटीन चढलेलं आणि साखर कमी, असं चित्र दिसलं की पुण्यातला कोणताही फिजिशियन आधी टीबी म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

हे स्वस्त आकडे बिघडतात मात्र फार सहज. सगळ्यात सर्रास चूक साखरेची. पाण्यातली साखर ४५ आली, पण त्याच वेळी रक्तातली साखर बघितलीच नाही. रक्तातली ८० असेल तर ४५ ठीक, मधुमेही माणसाची २८० असेल तर ४५ म्हणजे धोक्याची घंटा. सुई घालण्याच्या आधी बोटाला टोचून ग्लुकोमीटर लावायला दहा सेकंद पुरतात, तरी हे राहून जातं. दुसरी चूक वेळेची. बाहेर ठेवलेल्या पाण्यात न्यूट्रोफिल विरघळत जातात, तासात सुमारे एक-तृतीयांश, दोन तासांत जवळपास निम्मे. नमुना हिंजवडीतून निघून संध्याकाळच्या कोंडीत विद्यापीठ चौकात अडकला आणि कर्वे रोडच्या लॅबमध्ये तीन तासांनी पोचला, तर आलेला आकडा रुग्णाचा कमी आणि ट्रॅफिकचा जास्त असतो. तिसरी चूक फ्रिजची, आणि ही मजेशीर आहे. पॅनेलचा नमुना फ्रिजमध्ये सात दिवस टिकतो, बाहेर एक दिवस. कल्चरचा नमुना फ्रिजमध्ये ठेवला तर मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस थंडीने मरतात. एकाच पिशवीत दोन्ही ट्यूब भरून बर्फात टाकणारा पिक-अपवाला मुलगा नकळत कल्चरचा निकाल लावून मोकळा होतो. ट्यूबवर 'कल्चर: रूम टेम्परेचर' असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या. लाज बाळगू नका.

सुईबद्दलही एक शब्द, कारण सही करताना घरचे तिथेच अडतात. "पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात" ही भीती पेठेपासून हडपसरपर्यंत सारखीच ऐकू येते. पाठीचा मज्जारज्जू प्रौढात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो; सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत जाते, तिथे फक्त पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात. "पाणी संपेल" याचंही कारण नाही. प्रौढात ते एकूण सुमारे १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. १० मिलिलिटर काढलं तर अर्ध्या तासात भरून निघतं. खरी काळजी वेगळीच असते: मेंदूत गाठ किंवा एका बाजूचा दाब असेल तर सुईने धोका वाढतो. अर्धांग, नव्याने आलेले झटके, घसरत चाललेली शुद्ध, डोळ्यांच्या पडद्यावर सूज, प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण, यांत आधी सीटी करतात. पण सीटीची रांग आहे म्हणून अँटिबायोटिक थांबवायचं नाही. ब्लड कल्चर घ्यायचं, डेक्सामेथासोन आणि सेफट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू करायचं, मग सीटी, मग सुई.

आणि नेमकं इथेच पॅनेल आपली किंमत वसूल करतं. औषध आधी गेलं की मेनिंगोकॉकस पाण्यातून दोन तासांत, न्यूमोकॉकस चार तासांपासून पुढे कल्चरला मिळेनासे होऊ लागतात. शिवाय पुण्यात रुग्ण मोठ्या हॉस्पिटलात येतो तेव्हा बहुतेकदा आधीच्या दवाखान्यात दोन-चार दिवस सलाइन आणि इंजेक्शन झालेलं असतं. कल्चर तीन दिवसांनी 'वाढ नाही' म्हणतं. पॅनेल मेलेल्या जंतूचाही डीएनए ओळखतं. आधीच औषध मिळालेल्या, पाण्यात पेशी हजारात असलेल्या रुग्णाला ही टेस्ट करा, पैसे वसूल. दुसरी जागा नवजात बाळांची, जिथे पाणी मिळतंच मिलिलिटरभर आणि चार थेंबांत भागणं ही मोठी सोय आहे. तिसरी, पन्नाशीपुढचा किंवा स्टेरॉइड घेणारा रुग्ण. त्यात लिस्टेरिया निघाला तर सेफट्रायॅक्सोन निरुपयोगी, अँपिसिलीन हवं, आणि हे तासात कळण्याचं मोल मोठं. चौथी, हॉस्टेल. मेनिंगोकॉकस ठरला की त्याच खोलीतल्या मुलांना त्याच दिवशी रिफॅम्पिसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रतिबंधक डोस देता येतो.

आता तक्रारी. टीबीच्या मेंदूज्वराला हे पॅनेल पूर्ण आंधळं आहे. दोन-तीन आठवडे रेंगाळलेला ताप, डोकेदुखी, चिडचिड, तिरळेपणा, अशा रुग्णाचं पॅनेल 'निगेटिव्ह' आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तो रिपोर्ट टीबीबद्दल एक अक्षरही बोललेला नसतो. टीबीसाठी एक्स्पर्ट अल्ट्रा म्हणजे सीबीनॅटची पुढची आवृत्ती किंवा आपल्याकडचं ट्रूनॅट लागतं, आणि सरकारी टीबी कार्यक्रमातून सीबीनॅट-ट्रूनॅट मोफत होतं. तिथे गणित उलटं. पॅनेलला न फिरवलेलं, थेट पाणी हवं. टीबीला भरपूर पाणी, सहा ते दहा मिलिलिटर, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ. २ मिलिलिटरवर केलेलं निगेटिव्ह सीबीनॅट फारसं काही सांगत नाही, आणि पुरेशा पाण्यावर केलेलंही टीबी खात्रीने फेटाळत नाही. सुई एकदाच घालायची असेल तर ट्यूब मोजून भरा: साखर-प्रोटीन, कल्चर-ग्रॅम, पेशी, आणि टीबीसाठी वेगळी मोठी ट्यूब. पॅनेलचे चार थेंब या गर्दीत सहज मावतात.

यादीत आणखी बरंच नाही. जपानी मेंदूज्वर, डेंगी, चिकनगुनिया, नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ मध्ये सापडलेला चांदीपुरा विषाणू, स्क्रब टायफस, लेप्टो, काहीच नाही. डोक्याच्या ऑपरेशननंतरचा किंवा शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी) घातलेल्या रुग्णाचा मेंदूज्वर असेल तर स्टॅफिलोकॉकस, क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे खरे आरोपी असतात. ते यादीत नाहीत आणि शंटमधून काढलेलं पाणी या टेस्टसाठी मान्यही नाही. तरी अशा रुग्णांच्या बिलावर पॅनेल दिसतं. हा शुद्ध अपव्यय आहे.

जे यादीत आहे त्यातही सांभाळून. न्यूमोकॉकस खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. मंजुरीआधीच्या १,५६० नमुन्यांच्या चाचणीतच ही कुरकुर नोंदली गेली. कारण साधं आहे: हा जंतू निरोगी माणसाच्या नाका-घशात राहतो. पाऊच भरणारा तंत्रज्ञ मास्कशिवाय बोलला-शिंकला तर त्याचा जंतू रुग्णाच्या नावावर चढतो. चांगल्या लॅबमध्ये पाऊच मास्क लावून, सेफ्टी कॅबिनेटमध्ये किंवा आडोशामागे भरतात. पेशी तीन, साखर छान, रुग्ण गप्पा मारतोय आणि न्यूमोकॉकस पॉझिटिव्ह, असं असेल तर टेस्ट पुन्हा करायला सांगा. एचएचव्ही-६ पॉझिटिव्ह आला तरी लगेच घाबरू नका; सुमारे एक टक्का लोकांच्या गुणसूत्रांतच तो विणलेला असतो. उलट हर्पिस-१ निगेटिव्ह येऊन फसवू शकतो, विशेषतः पहिल्या तीन दिवसांत. एमआरआयमध्ये टेम्पोरल लोब पेटलेला दिसत असेल तर पॅनेलच्या भरवशावर असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं औषध बंद करू नये, सुटी हर्पिस पीसीआर पुन्हा पाठवावी. क्रिप्टोकॉकससाठी त्याची स्वस्त अँटिजेन टेस्ट पॅनेलपेक्षा भरवशाची. आणि कोणतं औषध चालेल हे पॅनेल सांगतच नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह आलं तरी कल्चर रद्द करायचं नाही.

पुण्यातला एक खास घोळही नोंदवायला हवा. इथे 'जीबीएस' म्हटलं की जानेवारी २०२५ मधली सिंहगड रोडची गियां-बारे या नसांच्या आजाराची साथ आठवते. पॅनेलच्या कागदावरचा जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, मुख्यतः नवजातांचा जिवाणू. दोघांचा काडीचा संबंध नाही. गियां-बारेच्या रुग्णाच्या पाण्यात प्रोटीन वाढतं, पेशी वाढत नाहीत, ताप-बेशुद्धी सहसा नसते. तिथे ही विजोडच निदानाला हातभार लावते आणि पॅनेलला सापडण्यासारखं पाण्यात काही नसतंच.

सेवा म्हणून बघायची तर फोनवर एकच गोष्ट पक्की करा: मशीन त्या लॅबच्या छताखाली आहे की नमुना दुसऱ्या शहरात जाणार? 'एक तास' हा मशीनचा वेळ आहे. मुंबईला जाऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणारा रिपोर्ट घेण्यात या टेस्टचं सगळं मोल निघून जातं. रात्री आणि रविवारी पाऊच भरणारा माणूस असतो का, हेही विचारा. काही ठिकाणी मशीन चोवीस तास असतं, माणूस नसतो.

रिपोर्ट आल्यावर एक मोह टाळायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण उठून बसतो, ताप उतरतो आणि "डोस कमी करून गोळ्यांवर सोडा" असा आग्रह सुरू होतो. दाह ओसरला की भिंतीची शिवण परत घट्ट होते आणि तीच औषधं आत कमी पोचायला लागतात. पेनिसिलीन गटाला आणि व्हॅन्कोमायसिनला हे विशेष लागू. म्हणून सेफट्रायॅक्सोन प्रौढाला २ ग्रॅम दर १२ तासांनी असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत तेवढंच आणि शिरेतूनच: मेनिंगोकॉकसला साधारण ७ दिवस, न्यूमोकॉकसला १० ते १४, लिस्टेरियाचं अँपिसिलीन २१ किंवा जास्त. नाव कळल्याने दिवस मोजता येतात, हा पॅनेलचा न बोलला जाणारा फायदा.

शेवटी उरलेल्या पाण्याचं. पॅनेलला चारच थेंब लागतात, बाकीच्या ट्यूबांत बऱ्याचदा मिलिलिटर-दोन मिलिलिटर शिल्लक राहतं आणि दोन दिवसांनी बायोमेडिकल कचऱ्यात जातं. लॅबला लेखी सांगून ते डीप फ्रीजरमध्ये ठेवायला लावा. पॅनेल आणि सीबीनॅट दोन्ही निगेटिव्ह आली आणि रुग्ण शुद्धीवर आला नाही तर जपानी मेंदूज्वराच्या आयजीएम (अँटिबॉडी) टेस्टसाठी किंवा चांदीपुऱ्याच्या पीसीआरसाठी तेच पाणी कामी येतं. जपानी मेंदूज्वराच्या त्या आयजीएम टेस्टचं किट आपल्याच शहरातली एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) बनवते, आणि पुन्हा सुई घालण्यापेक्षा फ्रीजरमधली ट्यूब काढणं केव्हाही सोपं.